सुभेदारांची खुर्ची

अमरावती, कार्तिक शु. ३
कापसाचा भाव चढला तसे लोकांचे हुद्देही चढले. परवाचे नाईक आज जमादार म्हणवतात. आमचे होणारे व्याही गणपतराव पलटणीची पेन्शन घेऊन दलालीत शिरले, ते थेट 'सुभेदार' होऊन. त्यांच्या मुलाशी आमच्या गोदेची सुपारी फुटली आहे. लग्न तुळशीनंतर.

शु. ५
साहेबांचा दरबार पौर्णिमेला. पलटणीच्या पेन्शनरांना कुठे बसवायचे ती यादी मी, कचेरीचा कारकून, लिहायची; छावणीतला कप्तान तपासणार. सुभेदाराला खुर्ची, जमादाराला बाक, हवालदार-नाइकांनी मागे उभे राहायचे. कोणाच्या बुडाखाली काय, याचीही सरकारला काळजी!
दुपारी व्याही हजर. "मले पयल्या रांगेत खुर्ची पाह्यजे. सोयऱ्याचं एवढं काम नाही करान का?"
कागद मागितले. "ते तेल्हाऱ्याच्या घरी राह्यले." वा.

शु. ८
व्याही आमच्या ओसरीवर तक्क्याला रेलून लढाया सांगत होते. एवढ्यात त्यांच्याच पलटणीचे एक म्हातारे जमादार अर्ज लिहून घ्यायला आले. व्याही ताडकन उभे! टाचा जुळल्या, हात कपाळाला. सुभेदार कधी जमादाराला आधी सलाम ठोकतो?
"बस, हवालदार," जमादार म्हणाले. तेव्हा कुठे हे बसले.
आधी हसू आले. मग यादी आठवली.

शु. ९
खरे लिहावे तर सोयरीक मोडेल. खोटे लिहावे तर कप्तान पकडेल, नोकरी जाईल.
बायको म्हणते, "लिहून टाका सुभेदार. आपलं काय जाते?"
काय जाते म्हणे!

शु. ११
व्याही पुन्हा आले. लाज नाही, उलट धमकी. "हवालदार लिहान तं लगीन नाही." असल्या बेगडी माणसाच्या घरी पोर द्यायची? मी घरात चिडून तेच बोललो. गोदा ऐकत होती.
"बाबा, तुमी मले सुभेदाराच्याच घरी देऊन राह्यले होते ना? पोरगा कसा हाये, हे इचारलं का कोणाले?"
नाही विचारले. महिनाभर कचेरीत 'सुभेदारांचा व्याही' म्हणून मिरवत मात्र होतो. थूः माझ्यावर.

शु. १२
यादी आज द्यायची. बाकी सगळी नावे झाली. गणपतरावांचे नाव लिहिले, हुद्दा अजून नाही. कचेरीचा शिपाई दोनदा येऊन गेला. गोदेला हाक मारली आणि विचारले, "तुझं काय मत?" ती म्हणाली, "पयले पोराले भेटा."
शिपायाला थांबवले आहे. पागोटे घालतो.