वहिनी चालत आली

प्रिय दादा,

परवा आम्ही केरळहून बोरिवलीला परत आलो. आईची तब्येत आता ठीक आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तिकडे जे ऐकलं, त्यानंतर मला तुझ्याशी भांडायचंय. तू समोर नाहीस, मग काय करू? लिहायला बसलेय.

तू गेल्यापासून वहिनी मोटारीत बसलेली नाही. टॅक्सी नाही, रिक्षा नाही, बससुद्धा नाही. शाळेत शिकवायला चालत जाते, बाजारात चालत जाते. माहेरी तर गेलेलीच नाही, कारण कोकणात रेल्वे आहे कुठे? तिची आई गावाहून निरोपावर निरोप पाठवते आणि ही इथे गप्प बसते.

आणि आपली आई! तिने मनाशी पक्कं धरलं होतं की अपघाताच्या दिवशी जीपने यायची घाई वहिनीलाच झाली होती. "नाटकां करता ती," असं म्हणायची, तेही वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने. दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरायच्या, पण बोलायच्या स्वातीच्या तोंडून. आजीला सांग, भाजी झाली. आईला सांग, दूध उतू चाललंय. तुझी पोर दोघींच्या मध्ये नुसती ये-जा करायची. तिच्या शाळेची सहल बसने जाणार होती, तिलाही वहिनीने पाठवलं नाही. त्या दिवशी स्वाती जेवली नाही, दादा.

मग मला वाटलं, या सगळ्यांना घेऊन कुठेतरी जावं. पण मोटारीशिवाय जायचं कुठे? माथेरानला रेल्वे जाते, पण तिथे तू नि वहिनी लग्नानंतर गेला होतात, म्हणून ते नाव मी काढलंच नाही. माझ्याबरोबर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सूसम्मा आहे, तिने मार्ग काढला. तिचं माहेर कोट्टयमजवळ, मोठ्या तळ्याच्या काठी. घरापर्यंत रस्ताच नाही, लाँचने जावं लागतं. मुंबईहून थेट कोट्टयमपर्यंत रेल्वे, स्टेशनातून धक्क्यापर्यंत चालायचं आणि पुढे लाँच. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, मध्ये कुठे मोटार लागत नाही ना? ती हसायला लागली. तिला स्वतःला रजा नव्हती, पण घरी तिने कळवून ठेवलं.

वहिनीला सांगितलं तेव्हा तिने टाईमटेबल स्वतः उघडून पाहिलं. सगळी स्टेशनं बोटाने मोजत गेली आणि म्हणाली, "येते मी." आई मात्र बिथरली. हिच्यासाठी मी गुडघे मोडत का चालू, म्हणाली. स्वातीने रडून तिला तयार केलं. त्या रडण्यात मी तिला थोडी फूस दिली होती, हे तुला म्हणून सांगते.

गाडीत दोघी समोरासमोरच्या खिडक्यांत बसल्या आणि दोन वेगवेगळ्या दिशांना बघत राहिल्या. कोट्टयमला हमालाच्या डोक्यावर सामान देऊन आम्ही धक्क्यावर चालत गेलो. आई सबंध वाट धुसफुसत होती. पण लाँच कालव्यातून बाहेर पडली आणि समोर नुसतं पाणीच पाणी झालं, तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली. तू असतास तर टपावर चढून बसला असतास, नाही का?

पहिले दिवस बरे गेले. वहिनी सकाळी घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायची. स्वाती सूसम्माच्या आईमागे बदकांना हाकत फिरायची. मला वाटलं, जमलं.

मग एका दुपारी आईला घाम फुटला. छाती दाबून ती ओसरीवरच बसली. सूसम्माच्या वडिलांनी हाका मारून होडी आणवली. स्वातीला त्यांच्याकडे ठेवून आम्ही निघालो. होडीत आईचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं आणि आईने ते राहू दिलं. पलीकडच्या काठाला रस्ता होता, रस्त्यावर टॅक्सी होती. हॉस्पिटल शहरात, लांब.

आईला मागच्या सीटवर निजवलं. वहिनीने दाराला हात लावला, एक पाय आत ठेवला आणि ती थरथरायला लागली. तिचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. मी ओरडले, "वहिनी, बस ना! आई जाईल!"

तिने पाय काढून घेतला. "शैला, तू जा. मी येते."

मी दार आपटलं. सबंध रस्ता मी तिला मनात शिव्या दिल्या. आई डोळे मिटून होती, पण तिने सगळं पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, म्हणून बचावल्या. इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. ऊन उतरलं, दिवे लागले, तरी वहिनीचा पत्ता नव्हता. भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. आईला सोडून तिला शोधायला जाऊ तरी कशी?

आणि मग ती वॉर्डाच्या दारात दिसली. चप्पल हातात, पाय रक्ताळलेले, साडी गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली. भेटेल त्याला 'हॉस्पिटल' एवढा एकच शब्द विचारत ती सगळी वाट चालून आली होती.

आई तिच्या पायांकडे बघत राहिली. मग स्वतःचे पाय आखडून घेतले, खाटेवर जागा केली आणि म्हणाली, "बस हय. त्या दिवशी काय झाला, ता माका सांग."

इतक्या दिवसांत आईने हे विचारलंच नव्हतं, दादा. मीही नाही.

वहिनी सांगायला तयार नव्हती. आईने तिचं मनगट धरून ठेवलं. मग तिने सांगितलं. गणपतीला गावी येताना वाटेत गाडी बदलायची होती, पुढची एसटी संध्याकाळी होती. ती थांबू म्हणत होती. तुला गणपतीची आरती चुकवायची नव्हती. जीप तू ठरवलीस. तिने दोनदा नको म्हटलं आणि तू हसून तिची पिशवी आत टाकलीस.

"मग बोललंस कित्याक नाय?" आईने विचारलं.

"ते गेले," वहिनी म्हणाली. "त्यांचं नाव कसं पुढे करू?"

आई रडली नाही. नर्सने पेज आणली, तिथे तिला कांजी म्हणतात. आईने वाटी वहिनीपुढे सरकवली आणि तिला आधी खायला लावलं.

तूच ना रे! दोनदा नको म्हणाली ती. ऐकलं का नाहीस? एका आरतीसाठी? मला तुझा इतका राग आलाय की तुझ्या फोटोसमोर दोन दिवस दिवासुद्धा मी लावला नाही. वहिनीने लावला.

परतीच्या गाडीत आई नि वहिनी एका बाकावर बसल्या. फारसं बोलल्या नाहीत, पण जे बोलल्या ते एकमेकींशी. वहिनी अजूनही मोटारीत बसत नाही. काल आईच शेजारणीला दारातून सांगत होती, माझी सून चालत जाते, तिला कुणी काय म्हणायचं नाही.

दादा, एक वचन देते. त्या दिवसाचा ठपका या घरात वहिनीवर कुणी ठेवणार नाही, मी ठेवू देणार नाही. आणि स्वाती मोठी होऊन विचारेल तेव्हा मी तिला खरं सांगेन, पण तू वाईट वाटशील असं नाही सांगणार. माझा राग जायला वेळ लागेल. तेवढा दे.

तुझी,
शैला