बाचा मुंडा

अमरावती
५ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. नमस्कार.

फोनवर माय मधेच बोलते आणि तू मधेच ठेवतोस, म्हणून पुन्हा चिठ्ठीच. तिला वाचून दाखव. बातमी अशी, की आमच्या कॉलेजच्या आदिवासी कला-संस्कृती केंद्राची मी संचालक झाले. मराठी येत नाही म्हणून आश्रमशाळेत मागच्या बाकावर बसवलेली कोरकूंची पोर आता प्राध्यापकांच्या बैठकीत पहिल्या खुर्चीवर बसते. खुर्ची करकर वाजते, ते सोड.

केंद्राचं दालन ८ फेब्रुवारीला उघडणार. मधोमध मुंडा हवा. प्राचार्य म्हणाले, जंगलातल्या तुमच्या जुन्या गावातून पितरांचा एखादा कोरीव खांब उपटून आणा. मी साफ नाही म्हटलं. तिथं कोणाचा तरी आजा उभा आहे. मग किसनकाकांना लिहिलं, की सागाचा नवा मुंडा कोरा, वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार, महिनाअखेर हवा. त्यांच्यासारखा हात कोणाचा नाही. जरा त्यांच्या मागे लाग.

वहिनीला नमस्कार. तुझा राग आणि तुझी माया, दोन्ही असू दे.

तुझी
चंदा

ता. तेल्हारा
१४ जानेवारी २०२५

चि. चंदास अनेक आशीर्वाद.

मायनं घरोघरी गूळ वाटला आणि संचालक म्हणजे काय ते प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. हेडमास्तरांना तर कलेक्टरच्या वरचं पद म्हणून सांगून आली.

पण पोरी, तू हे काय करून ठेवलंस? मुंडा कोणासाठी, ते काकांना लिहिलंच नाहीस. आपल्यात गेलेल्या माणसाशिवाय मुंडा कोरत नाहीत, हे तुला मी सांगावं? काका समजले, बाचाच. चिठ्ठी खिशात घालून तीन गावं फिरले, की चंदा बापाची सिडोली करते आहे, मुंडा रोवून त्याला पितरांत बसवते आहे. भूमकानं देवाला विचारून २ फेब्रुवारी धरली, पाहुण्यांना सांगावे गेले.

बाला जाऊन अकरा वर्षं झाली. आधी तुझी पीएच.डी., मग नोकरी, मग विभागप्रमुखपद. दर वर्षी तू पुढच्या वर्षावर ढकललंस आणि तुझ्याशिवाय मायनं सिडोली होऊ दिली नाही. ती झाल्याशिवाय बा पितरांत बसत नाही, दाराबाहेरच उभा राहतो, असं ती मानते. परवा मला म्हणाली, "आता तो बसन. पोरीनं याद ठेवली."

हा मुंडा दालनासाठी आहे हे तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. काका बिनमाणसाचा दुसरा मुंडा कोरणार नाहीत, मी विचारून पाहिलं. आता तूच ठरव.

तुझा दादा
धर्मेंद्र

अमरावती
२१ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझी चिठ्ठी स्टाफरूममध्ये वाचली आणि फार लाज वाटली. मुंड्यांवर माझे तीन शोधनिबंध आहेत. वर्गात मुलांना सांगते, मुंडा म्हणजे नक्षीकाम नव्हे, माणूस आहे. आणि मागणी मात्र कपाटाची करावी तशी केली. शिकवणारीच नापास.

मुंडा बाचाच. आज प्राचार्यांना सांगितलं तर ते चिडले, कारण निमंत्रणपत्रिकेवर मुंड्याचं चित्र छापून झालं आहे. समितीतल्या एकांनी सुचवलं, की सिडोली इथंच मंचावर करा, पाहुण्यांनाही बघता येईल. मी म्हटलं, माझ्या बापाला मंचावर नाही बसवणार. दालनातला चौथरा रिकामा राहील आणि का रिकामा, ते मी सगळ्यांपुढं सांगेन. मग संचालकपदाचाही फेरविचार करावा लागेल, असं ते म्हणाले. वीस वर्षं शिकण्यात-शिकवण्यात झिजून मिळालेलं पद आहे दादा, जीव तुटतो. पण बाला आणखी एक वर्ष थांबवणार नाही.

१ तारखेला येते. मायला खरं मीच सांगेन, सिडोलीच्या आधी. तोवर तुझा धीर दे.

तुझी
चंदा

ता. तेल्हारा
११ फेब्रुवारी २०२५

चि. चंदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या दालनाचं उद्घाटन बघून परवा सुखरूप पोचलो. मायनं एसटीतल्या सगळ्या बायकांना तुझं दालन सांगितलं. सिडोलीच्या सकाळी तू तिला खरं सांगितलंस तेव्हा ती झाडू घेऊन अंगणात गेली. मग तुझ्याच हातानं बाच्या मुंड्याला हळद लावायला लावली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

त्या रिकाम्या चौथऱ्यापुढं उभी राहून तू आधी कोरकूत बोललीस आणि मग मराठीत. आपली चूक भर सभेत सांगितलीस. मागच्या रांगेतली आश्रमशाळेची पोरं उठून उभी राहिली. मला तर समोरचं धूसर दिसायला लागलं. प्राचार्य स्वतः मायजवळ आले आणि म्हणाले, संचालक चंदाताईच राहतील. मायनं त्यांना तुझी खुर्ची दुरुस्त करायला सांगितलं.

काल ती मोहाखाली बाच्या मुंड्याजवळ बसून त्याला सगळं सांगत होती. उठताना मला म्हणाली, चंदाला लिही. तिचेच शब्द लिहितो: "तो चौथरा रिकामाच ठेवजो. मले तुह्या बाच्या बाजूले बसवजो. अन् अकरा वर्षं दाराबाहेर ठेवू नोको."

बाकी सगळं ठीक. माया कमी करू नकोस.

तुझा दादा
धर्मेंद्र