गोळी, भोवळ आणि घरभर डॉक्टर

६ जानेवारी, सोमवार
पडले! म्हणजे पूर्ण नाही. सकाळी पलंगावरून उठले, डोळ्यांपुढे अंधार, आणि कपाटाला मिठी मारून उभी राहिले. जन्मभर लोणावळ्याच्या शाळेत पी.टी. शिकवली. 'सरळ उभे राहा!' म्हणून पोरांवर ओरडले. आता मलाच उभं राहता येईना.

पाळण्यात नात झोपली होती. नुकती कुठे मान धरायला लागलीय. ती तेव्हा माझ्या हातात असती तर?

८ जानेवारी
घरात सगळेच डॉक्टर. संदेश टाकव्याच्या कंपनीतून रात्रपाळी संपवून आला, चहा पिता पिता निदान केलं आणि झोपायला गेला. "आई, मोबाइल कमी बघ." कार्ल्याहून थोरल्या बहिणीचा, शकुताईचा फोन. "खात न्हाईस काय न्हाई, चक्कर यील न्हाई तर काय व्हईल? नाचनीची आंबील पी." प्यायले. मग भोवळ आली ती आंबिलीसकट.

राहिली सूनबाई, प्रतीक्षा. तिनं फक्त बाळाला माझ्या हातातून काढून घेतलं. ते सगळ्यांत जास्त लागलं.

११ जानेवारी
बीपीची गोळी जुनीच; माझा संशय झोपेच्या गोळीवर. हे गेल्यापासून झोप येईना म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली. त्यांनाच विचारलं. मान वर न करता म्हणाले, "वय झालं, मॅडम. व्हायचंच असं." वय काय गोळीच्या आधी नव्हतं?

मोबाइललाही विचारलं. त्यानं मेंदूतल्या गाठीपर्यंत नेऊन सोडलं. संदेशचं निदान बरं होतं म्हणायचं!

१३ जानेवारी
काल गोळी न घेता झोपले. म्हणजे झोपले नाहीच. सकाळी हात थरथरत होते, छातीत धडधड — आणि चक्कर आलीच. शाब्बास, यशोधराबाई!

१६ जानेवारी
बाजारातल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्या वर्गातली मुलगी शोभेल. आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा घेतलं. उभी राहिले तर बीपी धाडकन खाली!

"बीपीची आणि झोपेची, दोन्ही गोळ्या एकदमच घेता का?"

"हो."

"मग त्याचाच परिणाम असणार. पण मनानं काहीही बंद करायचं नाही हं! झोपेची हळूहळू कमी करू. आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं."

एवढंच! आणि मी मनातल्या मनात कुठली साडी कुणाला द्यायची ते ठरवून मोकळी झाले होते.

२८ जानेवारी
अर्ध्या गोळीवर आले. तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत एकटी चालत गेले. पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, पण भोवळ नाही.

घरी येऊन म्हटलं, "आण आता बाळाला." प्रतीक्षानं लगेच दिलं. जवळजवळ माझ्या अंगावर टाकलंच. बसला एकदाचा विश्वास!

१ मार्च
गोळी पूर्ण बंद. झोप येते, तुटक तुटक का होईना. सकाळी ताठ उभी राहते. संदेश म्हणाला, "बघ, मोबाइल कमी केलास ना!"

२ मार्च
संदेश बाहेर गेल्यावर प्रतीक्षा स्वयंपाकघरात आली. "आई, तुमच्या उरलेल्या गोळ्या आहेत का? एक मला द्या ना." मग ओट्याला टेकून रडायलाच लागली. "बाळ झाल्यापासून धड झोपच नाही. ते झोपतं तेव्हाही मला झोप येत नाही. उचललं की वाटतं, माझ्या हातून पडेल."

आणि मी समजत होते, ती माझ्यावर नजर ठेवून आहे!

गोळी दिली नाही. बाळाला घेतलं आणि तिला जवळ बसवलं. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं — दोघींनी.