मामांनी मोजलेला हात

१४ मार्च, सोमवार

ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. धाकटीचा ताप एव्हाना उतरला असेल. दाजींना सांग, त्यांनी पाठवलेला नोकरीचा अर्ज अजून कोराच टेबलावर पडलाय. ओरडतील तर ओरडू देत. कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून ओरडून घ्यायची मला सवय झालीय. इकडे मामा-मामी बरे आहेत.

म्हणजे मामी बरी आहे.

मामांच्या हातून शिबिर काल सुटलं. आज ना उद्या वयाने सुटणारच होतं, असं सकाळपासून मी स्वतःला समजावतोय.

फौजेत होते तेव्हा वर्षाला एक महिना सुट्टी, आणि त्यातले दहा दिवस या शिबिराचे. मामी अजून म्हणते, "घरी पाहुण्यासारखे यायचे आणि तिकडे घरच्यासारखे राबायचे." निवृत्तीनंतर तर बाराही महिने तेच. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना सभा चालवायला, ठराव मांडायला, नगरपालिकेच्या खिडकीवर न घाबरता अर्ज द्यायला शिकवायचं. अशी चव्वेचाळीस वर्षं. मी इथे आलो तेव्हा त्यांनी कॉलेजबद्दल एक शब्द विचारला नाही. "खुर्च्या उचलायला येतोस का?" एवढंच म्हणाले, आणि सहा महिन्यांत शिबिराच्या समितीवर घेतलं.

प्राध्यापकांशी भांडलो म्हणून इथे आलो, असं मी घरी सांगितलंय. भांडलो ते खरं. पण भांडून माणूस आपल्या घरी जातो. मी इथे आलो, कारण ती इथे आहे. समितीची सचिव. फोटो बघून "नाक फारच वर आहे हिचं" म्हणाली होतीस ना, तीच.

कालच्या बैठकीत ठराव तिनेच मांडला: सत्तरीनंतर कुणी शिबिर चालवू नये. कारण खोटं नव्हतं. मामांचा डावा कान तोफखान्यात गेला, उजवाही आता जातोय. गेल्या शिबिरात त्यांनी एका मुलीला तेच वाक्य पाचदा बोलायला लावलं आणि ती रडत बाहेर गेली. पण ताई, शेजारी बसून कानाशी सांगणारा एक माणूस असता तरी भागलं असतं. मी रिकामाच तर आहे! आदल्या दिवशी तिला हे बोललो, तर म्हणाली, "तू तरी लहान मुलासारखं करू नकोस."

अध्यक्ष मामा, आणि मत देणारे आम्ही आठ जण. ठराव मामांनीच वाचला, गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसा. "बाजूने कोण?" चार हात वर गेले. तिने माझ्याकडे पाहिलं. माझा हात टेबलावरून वीतभर उठला आणि तिथेच राहिला.

मामा थांबले. शिबिरातल्या पोरांना सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "अर्धा हात मी मोजत नाही. वर कर, नाहीतर खाली घे."

खाली घेऊन विरोधात मत दिलं असतं, तर चार-चार होऊन निर्णय अध्यक्षांकडे गेला असता. मी वर केला.

"पाच," मामा म्हणाले, आणि स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलं.

बाहेर आल्यावर ती "थँक्स रे" म्हणाली आणि फोन कानाला लावून निघून गेली. "अहो, झालं, निघालेच मी," असं कुणाला तरी सांगत होती.

घरी येताना मी मामांच्या उजव्या बाजूने चालत होतो. म्हणाले, "पटून दिलंस ना मत?"

मी "हो" म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने "हो" म्हणालो.

"मग ठीक," ते म्हणाले. "कुणाच्या तोंडाकडे बघून दिलं असतंस, तर माझी सगळी वर्षं फुकट गेली असती." घरी येऊन नीट जेवले. मामीला म्हणाले, "पोरगं तयार झालं हो."

खरं सांगितलं तर त्यांच्याकडे तेवढंही उरणार नाही. नाही सांगितलं, तर रोज त्यांच्यासमोर बसून जेवायचं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. एरवी कुणाच्या तरी अंगावर धावून गेलो असतो. आता तेही होत नाही. नुसता थकलोय ग.

मामांना फोन करशील, तेव्हा यातलं काही बोलू नकोस. मीच बोलेन. कधी, ते मात्र विचारू नकोस.

मामांच्या लेखी तयार झालेला,
तुझा भाऊ