कबुतरखाना कोणाच्या नावावर

ती. इश्बेलआत्यास,

कर्स्टीचा नमस्कार. घडलं ते असं:

१. वॉटीकाकांच्या जुन्या कबुतरखान्याची उत्तरेकडची भिंत बाहेर झुकली.
२. तो दगड दगड सुटा करून पुन्हा होता तसा बांधावा, असा अहवाल मी दिला.
३. ‘पुन्हा बांधावा’ हे गावात कोणी वाचलं नाही.
४. तू बॅग भरून डंडीला नॅनआत्याकडे गेलीस.

तब्येत कशी आहे, हे विचारायची सध्या पंचाईत आहे. कबुतरखाना पाडला की मालकाची बायको वर्षाच्या आत दगावते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे आणि विचारलं तर कोणीच मानत नाही. तरी तुझ्या नावाने घराघरांतून सूप आलं. (काकांनी संपवलं. बार्लीचं बरं होतं.) तू बॅग भरलीस त्या दिवशी जेवताना शेजारच्या गेडीसबाईंनी हा विषय काढला आणि काका म्हणाले, “म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पडदे बदलायला नकोत.” ते थट्टा करत होते. थट्टा करताना त्यांचा चेहरा हलत नाही, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तुला मी सांगायला नको.

भिंत मात्र थांबणार नाही. (काकांनी मागे भेगांवर सिमेंट थापलं, त्यामुळे पाणी आतच कोंडलं. बोलले नाही, अहवालात लिहिलं.) नवं काम चुन्यात करायचं आहे आणि ओला चुना गोठला तर सगळं वाया, म्हणून ते थंडीआधी उरकायला हवं. तू परत आल्याशिवाय काका दगडाला हात लावू देत नाहीत.

यावर गावच्या वारसा मंडळाने कबुतरखाना आपल्या नावावर घ्यायचं ठरवलं. मंडळाला बायको नसते, हा मुद्दा माझाच. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष लॉरिमर ठराव मागे घ्यायला आले. “मंडळाला नाही गं, पण मला आहे. आणि ती बाहेर गाडीत बसलीय.” मी पाहिलं. बसली होती.

मग सगळे माझ्याकडे वळले. गेडीसबाई म्हणाल्या, “हिच्या नावावर करा की. हिला ना नवरा, ना कोणी नवरा होऊ बघतोय.” मालक बाई असेल तर नवऱ्यावर बेततं, असा पोटनियमही त्यांनी तिथेच केला, आणि तो कोणालाच नवा वाटला नाही. मी विचार करून सांगते म्हटलं. मालकीचे कागद सोबत जोडले आहेत.

नॅनआत्याला नमस्कार.

तुझी,
कर्स्टी

ता. क. माझ्या नावावर होणार नाही. ऑक्टोबरात मी आणि ईवन लग्न करतोय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. (आईला अजून सांगितलेलं नाही.)

ता. क. २. कागदांवर नाव तुझं आहे. काकांनी घालायला लावलं. पोटनियम विसरले असतील म्हणून मी तो पुन्हा सांगितला. “बहिरा नाहीये मी,” ते म्हणाले, “तिच्या नावावर कर, आणि तिला सांग, आता घरी ये.” नंतर म्हणाले, पोटनियमाचं तिला लिहू नकोस. गवंडी सोमवारी येतोय. सही करणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव.