डिंपलच्या हातावरचा नारळ

सौ. मंजुळा, गजानन बाबा तुम्हाले सांभाळून घेवो.

मी इकडं बरा आहे. जेवण चांगलं आहे, झोपाले गादी देल्ली. मोबाइल वावराच्या मालकानं चार्जिंगले नेला, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर मेहकरले जाता जाता डोणगावात घरी देतो म्हणते.

मी दाखवलेल्या दोन्ही जागी बोअर कोरडे गेले. खाली नुसता काळा दगड. तवापासून मालकाचा एक माणूस माह्या दाराशी खाट टाकून झोपते.

रोज आंघोळ करून, देवाचं नाव घेऊन तळहातावर आडवा नारळ ठेवतो अन् वावरभर फिरतो. खाली पाणी असलं की उभा राहणारा नारळ इथं काही उभा राहत नाही. बाप म्हणे, देवानं हा हात पाणी दाखवाले देल्ला, कोणाले नाही म्हणू नको. मले वाटते, देवानं तो वापस घेतला.

गाय व्याली का? गुडघ्याले तेल लावत जाय.

डिंपलच्या हातावर नारळ उभा राह्यला होता, हे मी इथं कौतुकानं बोलून बसलो. काल मालक हसून म्हणे, "मंग पोरीलेच आणाले जीप धाडतो."

तिच्या हाती नारळ देऊ नको. तिले चित्रं काढू दे. देवानं तिच्यासाठी काय ठेवलं, ते तिचं तिले सापडन. तिले आजच तुह्या माहेरी पोचव. बापानं बोलावलं असं कोणी म्हटलं, तं मी कोणाले बोलावलं नाही.

मले ज्या जीपमध्ये आणलं, ती आज सकाळपासून अंगणात दिसत नाही.

तुहा,
हिंमतराव