हिंटरआउला हवं असलेलं प्रेत

४ ऑक्टोबर

हिंटरआउ गावात पोचलो एकदाचा! बसमधून उतरतो तर थांब्यावर अग्निशमन दलाचा बँड उभा. ढोल वाजवणाऱ्याला तालाशी काही देणंघेणं नव्हतं, पण उत्साह दांडगा. आमच्या बव्हेरियात हल्ली गावाला चर्च आणि बिअर असून भागत नाही, स्वतःचा एक खूनही लागतो. माझ्या कादंबरीत एखाद्या गावात प्रेत पडलं की पुढच्या उन्हाळ्यात शहरातली माणसं ती जागा बघायला येतात आणि खाणावळी भरून जातात. म्हणून गावं मला हौसेने बोलावतात. राहा, खा, प्या, पण कोर्बिनियानराव, आमच्याकडे कुणाला तरी मारा!

खाणावळीच्या वरची खोली मिळाली आहे. खाली बुर्गीबाईंचं राज्य. अंगाने भक्कम, जिभेने त्याहून. पहिल्याच जेवणाला म्हणाल्या की लेखकराव, मला मारायचं तर माझ्याच बटाट्याच्या गोळ्याने घसा अडकवून मारा, गावात कुणालाही शंका यायची नाही. पांक्राट्स म्हणून एक गवळी आहे, त्याने लगेच आपली सासू देऊ केली. गावचा पोलीस लोइस हळूच म्हणाला की या खेपेला तरी पोलीस जरा हुशार दाखवा. मी म्हटलं, बघू. सगळे खो खो हसले. मला ही माणसं फार आवडली.

९ ऑक्टोबर

सकाळी सूप पिताना कथानक सुचलं. सरकारी मोजणीदार गावात येतो आणि प्रत्येकाची हद्द चुकीची ठरवतो. कुणाचं कुंपण हलतं, कुणाची विहीर शेजाऱ्याकडे जाते. मग अख्खं गाव एकदिलाने त्याला गोठ्यामागच्या शेणमुताच्या बंद हौदात ढकलतं आणि वर झाकण ठेवून जेवायला जातं. लिहिताना मलाच हसू आवरेना. खिडकीतून पांक्राट्सचा गोठा दिसतो, त्यामुळे हौदही आयता मिळाला.

प्रकाशक हिर्शफोगेलबाईंना फोनवर सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

१७ ऑक्टोबर

दुपारी अग्निशमन दलाच्या सभागृहात पहिली प्रकरणं वाचून दाखवली. झाडून सारं गाव आलं होतं, आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. वाचन संपल्यावर दुरुस्त्या सुरू झाल्या. हे माझ्या सवयीचं आहे. आमचा वाचक खून माफ करतो, पण बसथांबा रस्त्याच्या भलत्या बाजूला दाखवलात तर जन्मभर विसरत नाही.

पांक्राट्स म्हणाला की ते झाकण एकट्याला उचलायचं नाही, सिमेंटचं आहे, चौघं लागतात. बुर्गीबाई म्हणाल्या की तो ओरडतो असं लिहिलंय ते खोडा, आतल्या वाफेने एका श्वासात माणूस आडवा होतो, ओरडतोय कुठला! लोइस म्हणाला, कोट तपकिरी नको, हिरवा करा, शिंगाच्या बटणांचा. मी हसून म्हटलं की माझ्या पात्राला कपडे तरी मला घालू द्या. त्यावर कुणी हसलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग बँडवाल्यांनी काहीतरी वाजवलं.

१९ ऑक्टोबर

आज बुर्गीबाईंना सहज विचारलं की माझ्याआधी या खोलीत कोण राहायचं. गोळे वळता वळता त्यांनी सांगून टाकलं: माइंडल नावाचा मोजणीदार. हिरव्या कोटातला. वसंतात आला होता, आणि एक दिवस न सांगता इटलीला निघून गेला म्हणे.

मी ते सगळं मनाने रचलं होतं! देवाशपथ, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. बुर्गीबाईंनी हात पुसले आणि अगदी मायेने विचारलं, की खरं सांग रे, तुला सांगितलं कुणी? तुम्हीवरून तू. मी म्हटलं, कुणीच नाही. त्या म्हणाल्या, बरं बाबा, नको सांगूस.

संध्याकाळी पांक्राट्सनेही तेच विचारलं. मग लोइसनेही. तिघांचंही बोलणं गोड.

२१ ऑक्टोबर

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फोन केला. नाव सांगितलं, माइंडलचं सांगितलं, हौद तपासा म्हटलं. पलीकडचा अधिकारी आनंदाने ओरडला की अहो, माझी बायको तुमची सगळी पुस्तकं वाचते! नवीन पुस्तकाची जाहिरात म्हणजे अशी पाहिजे, म्हणाला. मी रडकुंडीला येऊन सांगितलं की हे खरं आहे. तो म्हणाला, क्या बात है, आवाजसुद्धा हुबेहूब घाबरलेला काढलात. शेवटी, आमचा लोइस तिथे आहेच, त्याला सांगतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

लोइसला सांगतो!

हिर्शफोगेलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उत्तम, हे सगळं अस्संच लिहून काढ.

आयुष्यभर प्रेतांवर लोकांना हसवून पोट भरलं. आता लांडगा खरोखरच आलाय आणि मी ओरडतोय तर लोक टाळ्या वाजवतायत. एका, फक्त एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला तर मी वाचेन.

२२ ऑक्टोबर

थांब्यावर गेलो. बस आली. चालक बुर्गीबाईंचा दीर. म्हणाला, जागा नाही. आत चिटपाखरू नव्हतं. मी दाराला धरून राहिलो तर त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, हळुवारपणे, आणि म्हणाला की लेखकराव, गोळे थंड होतील, जा बघू घरी.

पायी निघालो. पुलावर बँडवाले उभे होते, हातात वाद्यं नाहीत. त्यांनी मला परत आणून सोडलं. वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

फोन बंद आहे. बुर्गीबाई म्हणतात, वाऱ्याने तार तुटली असेल. वारा नाही.

२३ ऑक्टोबर

जेवलो नाही. ताट दाराशी आहे. माझी पाचावर धारण बसली आहे —

पांक्राट्सच्या गोठ्यामागे माणसं. चौघं. पहारी घेऊन झाकण —

त्यांनी ते उचलून बघितलं आणि पुन्हा ठेवलं. एकाने खिडकीकडे बघून हात हलवला.

२४ ऑक्टोबर, रविवार

चर्च सुटल्यावर सगळे वर आले. चांगल्या कपड्यांत. खोलीत मावत नाहीत, जिन्यावरही उभे आहेत.

बुर्गीबाईंनी ही वही उचलून मोठ्याने वाचली. बँडच्या ढोलाला हसले. पोलीस ठाण्याच्या फोनला तर लोइस भिंतीला टेकून हसला. मी हात जोडले, म्हटलं पानं फाडा, जाळा, मी कुणाला सांगणार नाही. त्या म्हणाल्या, फाडायचं कशाला वेड्या? तुझं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे हे. जसंच्या तसं तुझ्या प्रकाशकबाईंकडे पाठवू. तुझ्या हातचं आहे, खरं कोण मानणार? आणि वही, पेन पुन्हा माझ्यापुढे ठेवलं.

कुणीच नाही. मलाही ते कळतं. तरी सांगतो. वाचणाऱ्या, हसू नकोस, पाया पडतो. मी कोर्बिनियान, मी खरंच इथे, या खोलीत —

वाकून वाचतायत. पुन्हा हसतायत.

पांक्राट्स म्हणतो, आटपा, गाईंची वेळ झाली. बुर्गीबाई म्हणतात, थांब रे, त्याला शेवट करू दे. शेवटचं वाक्य मात्र हसवणारं पाहिजे. सगळे गप्प झालेत, वाट बघतायत. मला काही — काही सुचत —